नंबर तुमचा, पावती कंपनीची

प्रति,
मुंबईतल्या घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचे सर्व संचालक

विषय: गाडीच्या चॉइस नंबरची पावती कंपनीच्या खर्चात टाकण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मार्च लागला की दादरच्या माझ्या ऑफिसात पिशव्या यायला लागतात. साड्यांच्या दुकानाच्या, मिठाईवाल्याच्या, एक तर गेली चार वर्षं लग्नाच्या आहेराचीच पिशवी आहे, वर नवरानवरीची नावं छापलेली. आत तुमच्या कंपनीची वर्षभराची बिलं. बावीस वर्षं या पिशव्या मी उपसते आहे. पूर्वी त्यांत गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या निघायच्या, घरच्या एसीचं बिल ‘ऑफिस रिपेअर’ म्हणून निघायचं. अलीकडे आणखी एक कागद हमखास निघतो. आरटीओची पावती, पसंती क्रमांकाचं शुल्क, रुपये अडीच लाख. त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं: ‘मॅडम, गाडीत टाका.’

हे पत्र त्या पेन्सिलीच्या ओळीबद्दल आहे. फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगून मी थकले, म्हणून एकदाच सगळ्यांना उघडपणे लिहिते.

आधी नंबराचा भाव, कारण तुमच्यातल्या काहींना अजून जुनाच आकडा आठवतो. आपल्या राज्यात ३० ऑगस्ट २०२४ ला पसंती क्रमांकांचं शुल्क वाढलं. त्याआधीची वाढ २०१३ ची होती. चारचाकीला ०००१ हवा असेल तर मुंबईत चार लाखांचे सहा लाख झाले. चालू मालिकेत तो गेलेला असेल आणि दुसऱ्या मालिकेतून ओढून आणायचा असेल तर अठरा लाखांपर्यंत. ०००९, ००९९, ०९९९, ९९९९, ०७८६ ही मंडळी दीड लाखावरून अडीच लाखांवर गेली. एकाच नंबरावर दोघांनी बोट ठेवलं की लिलाव, म्हणजे अडीच लाख ही सुरुवात. ताडदेवचं एमएच ०१ हवं म्हणून बोरिवलीच्या माणसानं ऑफिसचा पत्ता फोर्टचा दाखवल्याचंही मी पाहिलं आहे. तो विषय वेगळा.

हौसेला मोल नाही, हे मान्य. नऊची बेरीज लाभते असं तुमच्या गुरुजींनी सांगितलं असेल, त्यात मी पडत नाही. ८०५५ चं ‘बॉस’ आणि ४१४१ चं ‘दादा’ करायची गंमत नव्या गाड्यांपुरती १ एप्रिल २०१९ पासून उरली नाही, कारण हाय सिक्युरिटी प्लेटवरचे आकडे वळवता येत नाहीत. तरी नंबर खपतात. खपू देत. माझं भांडण नंबराशी नाही, तो कोणाच्या पैशानं येतो याच्याशी आहे.

‘गाडीत टाका’ म्हणजे काय, ते नीट बघू. गाडीची किंमत, एकरकमी वाहनकर, नोंदणी शुल्क हे सगळं मिळून गाडीचा ‘प्रत्यक्ष खर्च’ होतो आणि त्यावर आयकरात दरवर्षी १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो. तुमचं म्हणणं, नंबरसुद्धा त्याच दिवशी, त्याच आरटीओत, त्याच गाडीसाठी घेतला, मग तोही त्यातच. ऐकायला बरोबर वाटतं. पण प्रत्यक्ष खर्चात काय धरायचं याचा दगड सर्वोच्च न्यायालयानं चल्लापल्ली शुगर्सच्या खटल्यात रोवून पन्नासएक वर्षं झाली. मालमत्ता अस्तित्वात आणायला आणि चालू स्थितीत आणायला जो खर्च आवश्यक असतो, तो तिच्या किमतीत. आता सांगा, तुमची गाडी ४३७२ या नंबरावर चालली नसती का? नोंदणी केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून नोंदणी शुल्क आवश्यक. आरटीओ रांगेतला पुढचा नंबर त्याच शुल्कात देतोच. अडीच लाख भरले ते गाडी चालावी म्हणून नाही, ती येताना वॉचमननं उठून उभं राहावं म्हणून.

हे मी म्हणते म्हणून शेवटचा शब्द नव्हे. माझ्या ओळखीचे चांगले सीए हा खर्च डोळे झाकून गाडीच्या किमतीत धरतात. त्यांचा युक्तिवाद असा की नंबर गाडीला चिकटलेला आहे, सुटा करून दाखवता येत नाही, मग वेगळा ठेवणार कुठे? आणि एकदा का तो १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे एकाच दरानं घसारा मिळणाऱ्या मालमत्तांच्या गटात, गेला की मजा बघा, पाच वर्षांनी गाडी विकली तरी ब्लॉकमध्ये दुसरी मालमत्ता असेतो विक्रीची रक्कम वजा होऊन उरलेला आकडा तिथे जिवंतच राहतो. गाडी कुठल्या तरी डीलरच्या यार्डात उभी आणि नंबर तुमच्या ताळेबंदात घसारा खातोय. कायद्यानं यात चूक काही नाही, ब्लॉकची पद्धतच तशी आहे. पण दरवर्षी तक्त्यात ती ओळ दिसली की मला हसू येतं.

काहींनी याहून पुढची उडी मारली. एक तरुण संचालक, परदेशातून एमबीए करून आलेले, मला समजावत होते की नंबर ही अमूर्त मालमत्ता आहे, तेव्हा १५ नाही, २५ टक्के घसारा लावा. तांत्रिक ज्ञान, पेटंट, कॉपीराइट, ट्रेडमार्क, परवाना, फ्रँचाइझ आणि त्यांच्यासारखे धंद्याचे हक्क, अशी कायद्यातली अमूर्त मालमत्तांची यादी आहे. त्यात तुमचं ०००९ कुठे बसवू? ट्रेडमार्कशेजारी? धंद्याचा हक्क म्हणायचा तर त्यातून धंदा निघायला हवा. २०२१ मध्ये सरकारनं गुडविलसुद्धा या यादीतून बाहेर काढलं. तिथे तुमच्या नवाला खुर्ची मिळेल हे जरा जास्तच झालं.

कदाचित हे साहेब विलायतेतून तो विचार घेऊन आले असतील. तिकडे गोष्ट खरंच वेगळी आहे. ब्रिटनमध्ये नंबर गाडीपासून सुटा होतो, प्रमाणपत्रावर जपून ठेवता येतो, विकता येतो. सरकारची वाहन संस्था १९८९ पासून त्यांचे लिलाव करते. २०१४ मध्ये ‘२५ ओ’ हा नंबर जुन्या फेरारींच्या एका व्यापाऱ्यानं फी-करांसकट पाच लाख पौंडांहून जास्त मोजून घेतला. फेरारी विकणाऱ्याला असा नंबर म्हणजे दुकानाची पाटी. अशा ठिकाणी कंपनीनं नंबर वेगळी मालमत्ता म्हणून दाखवला तर तिला बाजार आहे, किंमत आहे, उद्या विकला तर नफा-तोटा आहे. आपल्याकडे २०२४ च्या अधिसूचनेनं पती-पत्नी, मुलगा, मुलगी यांच्याकडे नंबर वळवायची मुभा दिली. कंपनीला यातलं कोणी नसतं.

राहिली जाहिरात. ‘मॅडम, नंबर बघून लोक कंपनी ओळखतात.’ हे ऐकल्यावर मी एकदाच मान डोलावली. एक ट्रॅव्हल्सवाले आहेत, त्यांच्या सगळ्या बसगाड्यांच्या शेवटी एकच आकडा, तोच बुकिंगच्या फोन नंबरच्या शेवटी, तोच तिकिटावर. रात्री हायवेच्या हॉटेलापाशी वीस बसगाड्या उभ्या असतात, झोपेतून उतरलेला प्रवासी नंबर बघून आपली बस शोधतो. त्यांची फाइल घेऊन मी कुठल्याही अधिकाऱ्यासमोर बसेन. पण तुमची काळी एसयूव्ही सकाळी पार्ल्याहून निघते, अंधेरीच्या गाळ्यासमोर दिवसभर उभी राहते, शनिवारी लोणावळ्याला जाते. तिचा नंबर बघून कोणी नटबोल्टची ऑर्डर दिल्याचं मला माहीत नाही.

आता हिशेब. तुम्हाला हा भाग आवडेल, निदान तसं मी समजते. अडीच लाखांचा नंबर गाडीत टाकला, १५ टक्के घसारा, कंपनीचा कर सवलतीच्या दराच्या कलमाखाली सरचार्ज-सेस धरून साधारण २५.१७ टक्के. पहिल्या वर्षी घसारा ३७,५०० रुपये, कर वाचला ९,४३८. पुढल्या वर्षी आठ हजारांच्या आसपास. असं करत पाच वर्षांत एकूण बचत सुमारे ३५,००० रुपये. दिवाळीच्या पाडव्याला गाडी घेतली असेल तर मार्चअखेर १८० दिवस भरत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी घसारा निम्माच आणि बचत आणखी कमी. पस्तीस हजार! इतक्यासाठी तुम्ही पेन्सिल उचलता.

त्यासमोर धोका ठेवा. जीएसटीत सरकारनं धंदेवाल्याला दिलेल्या बऱ्याच सेवांवर कर भरायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. कायद्यानं सक्तीच्या नोंदणीला त्यातून सूट आहे. पण ०००९ ची सक्ती कोणी केली होती? एखाद्या अधिकाऱ्यानं हा प्रश्न विचारला आणि १८ टक्के लावले तर पंचेचाळीस हजार, वर व्याज. भरलेल्या त्या कराचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या जीएसटीतून वजावट, मिळेल असंही धरू नका, कारण तेरा माणसांपर्यंतच्या गाड्यांचं क्रेडिट कायद्यानं आधीच अडवलेलं आहे. असा अधिकारी येईलच असं मी म्हणत नाही. वाचणारे पस्तीस आणि जाऊ शकणारे पंचेचाळीस एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा, एवढंच.

जाता जाता हेही बघा. आपल्या राज्यात कंपनीच्या नावावरच्या गाडीला एकरकमी वाहनकर २० टक्के आहे. तीच वीस लाखांवरची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर १३. तीस लाखांच्या गाडीवर हा फरक दोन लाख दहा हजारांचा. गाडी खरोखर कामाची असेल तर घसारा, कर्जाचं व्याज, इंधन यांतून तो भरून निघतो, म्हणून त्यावर मी कधी बोलले नाही.

मग तुमच्यातला वकिलाशी दोस्ती असलेला एखादा म्हणतो, कंपनीला खासगी आयुष्यच नसतं, गुजरात उच्च न्यायालयानंच म्हटलंय. हो, म्हटलंय. सयाजी आयर्नच्या निकालात संचालकांनी गाड्या खासगी कामाला वापरल्या म्हणून कंपनीचा खर्च नाकारता येत नाही असं ठरलं. पण त्या निकालाचा उरलेला अर्धा भाग लोक वाचत नाहीत. खासगी वापर असेल तर त्याचा कर संचालकाच्या हातात बघायचा. म्हणजे चेंडू तुमच्याच अंगणात. संचालकाला कंपनीकडून मिळालेला फायदा हे त्याचं उत्पन्न. गाडीच्या पर्क्विझिटचा, म्हणजे कंपनीकडून मिळालेल्या सोयीच्या करपात्र किमतीचा, आकडा २००९ पासूनच्या नियमांत महिना १,८०० किंवा २,४०० आणि ड्रायव्हरचे ९०० असा किरकोळ होता, त्यामुळे सगळ्यांना वाटतं नंबरही त्यातच झाकला जाईल. तो आकडा गाडीच्या वापरासाठी ठरवला होता. अडीच लाखांचे चार आकडे त्याच्याखाली लपतात का, हे कोणी विचारलं तर मला उत्तर द्यायचं आहे, तुम्हाला नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा कायदा आहे. कलमांचे क्रमांक बदलले म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

आणि गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर, नंबराचे पैसे मात्र कंपनीच्या खात्यातून? असे दोघे आहेत तुमच्यात. तुम्ही दोघं उद्याच फोन करा. दहा टक्के किंवा त्याहून जास्त मतांचा भागधारक असलेल्या माणसासाठी अशा घरगुती कंपनीनं पैसे भरले तर साठलेल्या नफ्यापुरता तो मानीव लाभांश, म्हणजे कायद्यानं डिव्हिडंड मानलेली रक्कम, ठरू शकतो. तिथे घसाऱ्याच्या गप्पाच नाहीत, सरळ तुमच्या स्लॅबनं कर.

नंबर डोळ्यांवर येतो, हेही विसरू नका. हरयाणात नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘एचआर ८८ बी ८८८८’ वर एक कोटी सतरा लाखांची बोली लागली. बोली लावणाऱ्यानं पैसे भरले नाहीत, आणि तिथल्या परिवहन मंत्र्यांनी थेट त्याच्या मालमत्तेची चौकशी करायला सांगितलं. गंमत म्हणून उंचावलेला हात केवढ्याला पडला! आयकर अधिकारीही याच मुंबईत राहतात, त्याच सिग्नलला थांबतात. तुमची पाटी ते फुकट वाचतात.

इथवर सगळं सरकारचं झालं. खरं सांगायचं तर त्यासाठी मी एवढं लिहिलं नसतं. सरकारचे पस्तीस हजार पाच वर्षांत सावकाश जातात, त्यानं दिल्ली बुडत नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. नाव-गाव सांगत नाही, ज्यांचं आहे त्यांना कळेल. दोन भावांची कंपनी, थोरला भाऊ गेल्यावर वीस टक्के शेअर वहिनींच्या नावावर आले. मुलं त्यांना काकू म्हणतात, म्हणून मीही काकूच म्हणते. सहा वर्षं डिव्हिडंड नाही. दर वर्षी ठराव तोच, ‘व्यवसायवृद्धीसाठी नफा राखून ठेवण्यात येत आहे.’ काकू सही करतात. सभा म्हणजे तरी काय, रविवारी धाकट्यांच्या घरी पोहे आणि चहा, आणि माझ्या माणसानं नेलेली इतिवृत्ताची वही. त्या रविवारी खाली नवी गाडी उभी होती. लिफ्टमधून वर येताना काकूंना शेजाऱ्यानं नंबराची किंमत सांगितली, अगदी कौतुकानं. वर येऊन त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं आणि म्हणाल्या, “गाडी बघितली रे. छान आहे. नंबरही छान आहे. त्या तीन शून्यांतलं एक तरी माझं असेल ना?”

कोणी बोललं नाही. धाकट्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, जणू तोच मोठा होता.

मी घरी येऊन हिशेब मांडला, सवयच आहे. अडीच लाखांचे वीस टक्के म्हणजे पन्नास हजार. वाचलेला कर वजा केला तरी त्रेचाळीस हजार. काकूंनी त्रेचाळीस हजार घालून दिराच्या गाडीला नऊ आणून दिला होता आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. त्या अजून दादरच्या फूलबाजारापर्यंत चालत जातात, रिक्षा दादरला येत नाही आणि टॅक्सीला त्या ‘कशाला’ म्हणतात.

आमच्या धंद्यात ‘करनियोजन’ हा शब्द फार मोठ्या आवाजात उच्चारला जातो. तुमच्या पिशवीतल्या त्या पावतीत नियोजन काहीच नाही. स्वतःच्या हौसेचे पैसे घरातल्या गप्प बसणाऱ्या माणसाच्या पानातून उचलायचे आणि वर सरकारकडून चौदा टक्के सवलत मागायची, एवढाच तो व्यवहार आहे. कंपनी तुमची आहे, असं तुम्ही म्हणता तेव्हा शेअर सर्टिफिकेटं काढून बघा. बहुतेकांच्या घरात एक काकू निघते. कधी आई असते, कधी बहीण असते, कधी अमेरिकेतला भाऊ असतो.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळालाही माझं एक मागणं आहे, पण दोन ओळींचंच: पसंती क्रमांकाचं शुल्क गाडीच्या प्रत्यक्ष खर्चात धरायचं की नाही, ते एका परिपत्रकात लिहून टाका. नाही म्हणालात तरी चालेल, आम्ही वाद घालत बसणार नाही. ते लिहीपर्यंत माझ्या ऑफिसात काय होणार ते सांगते.

या वर्षीपासून चॉइस नंबरची पावती मी गाडीत टाकणार नाही. धंद्याचं कारण असेल, त्या ट्रॅव्हल्सवाल्यांसारखं, तर ते कागदावर लिहून, सगळ्या भागधारकांच्या सह्या घेऊन आणा. मग मी ती घेईन आणि तिच्यासाठी लढेन. नसेल तर रक्कम कंपनीच्या वह्यांतल्या तुमच्या चालू खात्यावर डेबिट पडेल आणि ३१ मार्चच्या आत तुम्ही चेक द्याल. बोनस किंवा पगारातून घ्यायची असेल तर तेही चालेल, कंपनीला पूर्ण वजावट मिळते, तुम्हाला तुमच्या स्लॅबचा कर लागतो आणि सगळं उजेडात राहतं. माझा आग्रह पहिल्याचा आहे. नंबराचे पैसे स्वतःच्या खिशातून गेले की तो नऊ आणखी गोड लागेल असं आमच्या आर्टिकलचं, म्हणजे शिकाऊ सीएचं, म्हणणं आहे, ती पोरगी जरा तिखटच आहे.

कोणाला हे पटत नसेल तर सीए बदलायला हरकत नाही, मुंबईत आम्ही भरपूर आहोत. ना हरकत पत्र मी त्याच दिवशी देईन.

पिशवी पाठवताना एवढं करा: ती पावती वेगळ्या पाकिटात घाला आणि पाकिटावर स्वतःचं नाव लिहा. कंपनीचं नाही.

आपली,
दादरची एक सीए

ता. क.: पाडव्याला गाडी घेणारे असतील त्यांनी पासिंगच्या आधी फोन करावा. पासिंग झाल्यावर केलेल्या फोनला माझ्याकडे आता उत्तर नाही.